हट्ट, अवज्ञा आणि आपले घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमाला म्हटली की एखाद्या भारदस्त विषयाची अपेक्षा असते. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आहे, तंजावरचे मराठी राज्य आहे, दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुळांचा इतिहास आहे. आणि या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळीही आहेत. कार्यकारी मंडळाने माझ्याकडे जो विषय सोपविला तो मात्र स्वयंपाकघराचा आणि अभ्यासाच्या टेबलाचा आहे. "आमची मुलं ऐकत नाहीत, याबद्दल कोणीतरी बोलावं," अशी सूचना काही तरुण आईबापांनी केली, आणि या शहरात पुष्कळ वर्षे बालरोगचिकित्सा केल्यामुळे ती माझ्या वाट्याला आली.

"मूल ऐकत नाही" हा आपल्या भाषेतील वाक्प्रयोग मोठा मार्मिक आहे. मराठीत ऐकणे म्हणजे कानांनी ऐकणे, आणि ऐकणे म्हणजे सांगितलेले करणेही. पालक ही तक्रार घेऊन येतात तेव्हा मी प्रथम पहिल्या अर्थाची चौकशी करतो. मुलाला नीट ऐकू येते ना? हे मी विनोदाने म्हणत नाही. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले मूल वर्गात आणि घरात 'बेपर्वा' ठरू शकते, आणि त्याला लागलेले ते विशेषण कान बरा झाल्यावरही सुटत नाही. कान ठीक असतील तर मग दुसऱ्या अर्थाकडे वळावयाचे.

हट्ट हा बाल्याचा धर्मच आहे. दोन वर्षांचे मूल दिवसातून पन्नास वेळा "नाही" म्हणते, कारण आपली इच्छा आईच्या इच्छेहून निराळी असू शकते हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. तेरा-चौदाव्या वर्षी हाच शोध पुन्हा एकदा, अधिक मोठ्या आवाजात लागतो. या दोन्ही वेळी आईबापांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. भूक लागलेले, झोप न झालेले, परीक्षेने गांजलेले किंवा धाकट्या भावंडाच्या आगमनाने बिथरलेले मूल चार दिवस उद्धट वागले तर तो विकार नव्हे.

विकार केव्हा म्हणावयाचा? अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८० साली, या वर्तनाला प्रथम स्वतंत्र स्थान दिले. १९८७ च्या सुधारित आवृत्तीपासून त्याचे नाव 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' असे झाले. मराठीत आपण त्याला विरोधी-अवज्ञा विकार म्हणू. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने त्याची आठ लक्षणे तीन गटांत मांडली आहेत. पहिला गट रागाचा: वारंवार संतापणे, क्षुल्लक गोष्टीने चिडणे, मनात सतत अढी बाळगणे. दुसरा विरोधाचा: मोठ्यांशी हुज्जत घालणे, नियम उघडपणे झुगारणे, मुद्दाम इतरांना डिवचणे, आपल्या चुकीचे खापर दुसऱ्यावर फोडणे. तिसरा गट एकाच लक्षणाचा, आणि ते म्हणजे सूड घेण्याची वृत्ती. यांपैकी किमान चार लक्षणे किमान सहा महिने दिसली पाहिजेत, आणि तीही केवळ भावंडांशी वागताना नव्हे. शिवाय समवयस्क मुलांच्या मानाने ती अधिक असली पाहिजेत, आणि त्यांच्यामुळे मुलाचे वा घराचे नुकसान होत असले पाहिजे. पाच वर्षांखालील मुलांत ती बहुतेक दिवशी आणि मोठ्या मुलांत आठवड्यातून निदान एकदा दिसावीत, असाही दंडक आहे. अपवाद सूडवृत्तीचा, ती सहा महिन्यांत दोनदा दिसली तरी पुरे.

आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी मनात म्हणत असतील की आमच्या वेळी याला वांडपणा म्हणत, आणि त्याचे औषध देवळीत ठेवलेले असे. ही शंका अगदीच टाकाऊ नाही. खोडकर मुलाला रोगी ठरविण्याचा धोका खरोखरच आहे, आणि पाश्चात्त्य देशांतही त्यावर पुष्कळ वाद झाले आहेत. माझे मत असे की हे नाव ज्याला मदत करावयाची आहे त्याच्या हाती उपयोगाचे आणि ज्याला मूल शाळेतून काढावयाचे आहे त्याच्या हाती घातक आहे. नावापेक्षा वरची मोजदाद महत्त्वाची: किती दिवस, किती वेळा, कोणाकोणाशी, आणि नुकसान काय. ही मोजदाद केली की निम्मे पालक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढील विवेचन आहे.

ही पाश्चात्त्य देशांतील श्रीमंतांची थेरे आहेत असे कोणास वाटत असेल, तर आपल्याच गावातील पुरावा सांगतो. निम्हान्स या संस्थेतील डॉ. शोभा श्रीनाथ, डॉ. सतीश गिरिमाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर शहरातील मध्यमवर्गीय वस्ती, झोपडपट्टी आणि आसपासचा ग्रामीण भाग अशा तिन्ही ठिकाणची मिळून २,०६४ मुले तपासली. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांची ही पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. शेकडा १२.५ मुलांत काही ना काही मानसिक वा वर्तनविषयक विकार आढळला, आणि मध्यमवर्ग, झोपडपट्टी व खेडे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. चार ते सोळा वर्षांच्या मुलांत जे विकार सर्वांत अधिक दिसले त्यांत अंथरूण ओले करणे, विशिष्ट गोष्टींची भीती, अतिचंचलता आणि तोतरेपणा यांच्याबरोबर हा विरोधी-अवज्ञा विकारही होता. त्या पाहणीतील दोन गोष्टी मला आकड्यांहूनही बोलक्या वाटतात. एक, आपल्या मुलाला काही अडचण आहे असे केवळ ३७.५ टक्के कुटुंबांनाच जाणवले होते. आणि दुसरी, मुलाला होणारी मारहाण व आईबापांपैकी कोणाचे मानसिक आजारपण यांचा मुलांच्या विकारांशी स्पष्ट संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. चिडखोर मूल अधिक मार खाते हेही खरेच. परंतु मार आणि अवज्ञा एकमेकांना कशी वाढवतात, हे समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

हे कोडे ज्यांनी उत्तम रीतीने उलगडले ते जेराल्ड पॅटर्सन अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात काम करीत. त्यांची पद्धत साधी पण चिकाटीची होती. त्यांचे निरीक्षक लोकांच्या घरी जाऊन बसत आणि आईने काय म्हटले, मुलाने काय केले, मग आईने काय केले, याची क्षणाक्षणाची टिपणे घेत. १९८२ साली त्यांनी या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष आपण आपल्या घरात आणून पाहू.

बन्नेरघट्टा रस्त्यावरील एखादी सदनिका समजा. सायंकाळचे साडेसात वाजले आहेत. वडील अजून रिंगरोडवरच्या गर्दीत अडकलेले. आई कार्यालयातून येऊन कुकर लावते आहे. नऊ वर्षांचा मुलगा सोफ्यावर फोन घेऊन बसला आहे. आई आतूनच म्हणते, "अरे, गणितं करायची आहेत ना?" उत्तर नाही. पाच मिनिटांनी, "ठेवतोस का तो फोन?" "हो." ठेवत नाही. तिसऱ्यांदा आवाज चढतो. मुलगा म्हणतो, "तू नेहमी मलाच बोलतेस!" आई बाहेर येते, फोन ओढते; मुलगा किंचाळतो, वही भिरकावतो, शेजारचे काय म्हणतील या विचाराने आईचा जीव अर्धा होतो. कुकरची तिसरी शिट्टी होते. "कर काय करायचं ते!" असे म्हणून ती आत जाते. मुलगा शांत होतो. फोन त्याच्याच हाती.

या पाच-दहा मिनिटांत दोन्ही पक्ष एकेक धडा शिकले. पुरेसे किंचाळले की गणित टळते, हे मुलगा शिकला. आणि नाद सोडला की किंचाळणे थांबते, हे आई शिकली. दोघांनाही आपापले बक्षीस तत्काळ मिळाले, म्हणून उद्या दोघेही तेच करतील. आता दुसऱ्या दिवशी आईने नाद न सोडता दोन चपराका दिल्या आणि मुलगा रडत रडत गणिताला बसला, असे समजा. आज आई काय शिकली? मारले की काम होते. मुलगा काय शिकला? आई मारण्याच्या टोकाला पोचेपर्यंत तिचे बोलणे मनावर घेण्याचे कारण नाही. आठवड्याभरात दोन चपराकांचे मोल घसरते आणि चार लागतात. पॅटर्सन यांनी याला जबरदस्तीचे चक्र म्हटले आहे. यात कोणी दुष्ट नाही. दोन थकलेली माणसे एकमेकांना नकळत शिकवीत असतात, इतकेच.

याला जोड मिळते ती अनियमितपणाची. दहा वेळा हट्ट केल्यावर एकदा जरी चॉकलेट मिळाले तरी मूल उरलेल्या नऊ वेळा थकत नाही. लॉटरीचे तिकीट घेणारा मनुष्य वर्षानुवर्षे का थकत नाही, याचे जे उत्तर तेच याचे. आठ दिवस कडक राहून नवव्या दिवशी पाहुण्यांसमोर शरणागती पत्करणाऱ्या घरात हट्ट सर्वांत चिवट होतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण अशा चर्चेत सगळा दोष आईच्या पदरात टाकण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. काही मुले जन्मतःच तापट प्रकृतीची असतात. त्याच आईच्या हाताखाली थोरली मुलगी शांत वाढते आणि धाकट्याशी मात्र रोज युद्ध. प्रकृती मुलाची, थकवा आईचा, अनुपस्थिती बापाची, आणि परिस्थिती शहराची, अशा चार धाग्यांचा तो पीळ असतो. आपण त्यांतला जो धागा हाती येईल तो सोडवावयाचा. आणि मुलाची प्रकृती बदलण्यापेक्षा मोठ्यांचे वागणे बदलणे सोपे, म्हणून उपचाराचा आरंभ मोठ्यांपासून होतो. 'मुलाला समुपदेशन द्या' म्हणून आलेल्या पालकांना हे प्रथम रुचत नाही.

मोठ्यांनी बदलावयाचे म्हणजे काय? माझ्या मते पहिली दुरुस्ती भाषेची. मराठी घरात आज्ञा क्वचितच आज्ञेच्या रूपात दिली जाते. "उठतोस का आता?" हा प्रश्न आहे, आणि त्याचे "नाही" हे उत्तर व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर आहे. "आपण दूध पिऊया हं" यात पिणार एकटाच असतो. "कितीदा सांगायचं तुला!" यात काय करावयाचे ते सांगितलेलेच नसते. आणि मग आपला अभिमानाचा विषय, टोमणा. "उठले का राजे?" "आम्ही काय, नोकरच आहोत तुमचे!" साहित्यात उपरोधाला मोठे स्थान आहे हे खरे, परंतु सात वर्षांच्या मुलाला त्यातले फक्त विष कळते, अर्थ कळत नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलाला तो इतका उत्तम कळतो की तो सव्याज परत करतो. मग आपण म्हणतो, हे उलट बोलणे कोठून शिकला!

आज्ञा द्यावयाची तर जवळ जावे, मुलाच्या डोळ्यांत पाहावे, आणि साध्या आवाजात एकच गोष्ट सांगावी: "फोन टेबलावर ठेव." मग गप्प राहावे. मनातल्या मनात पाच-दहा आकडे मोजावेत, कारण खेळातून बाहेर येण्यास मुलाला तेवढा अवधी लागतो आणि नेमक्या त्याच अवधीत आपण दुसरे वाक्य बोलून पहिले पुसून टाकतो. ठेवला तर तत्काळ दखल घ्यावी. नाही ठेवला तर एकदाच, परिणामासह सांगावे: "आता ठेवला नाहीस तर आज रात्री फोन मिळणार नाही." आणि मग, काहीही झाले तरी, आज रात्री फोन देऊ नये. जो परिणाम पाळता येणार नाही तो बोलूच नये. "महिनाभर टीव्ही बंद" ही घोषणा बुधवारी होते आणि रविवारी क्रिकेटच्या सामन्याला मागे घेतली जाते. "बाबांना येऊ दे, मग बघ" हीही निरुपयोगी, कारण बाबा नऊ वाजता येतात आणि त्यांना जेवावयाचे असते. शिवाय त्यायोगे बाप हा घरातला बागुलबुवा होतो, जे त्या बिचाऱ्यासही नको असते.

दखल घेणे म्हणजे कौतुक, आणि याबाबतीत आपण मराठी माणसे विलक्षण कंजूष आहोत. तोंडावर कौतुक केले तर मूल डोक्यावर बसेल, किंवा दृष्ट लागेल, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा. परिणाम असा की चांगले वागलेली दोन तास कोणाच्या नजरेस येत नाहीत आणि वाईट वागलेली दोन मिनिटे सारे घर गोळा करतात. मुलाला सर्वांत प्रिय काय, तर आपले लक्ष. ते शिव्यांच्या रूपात मिळाले तरी चालते. न मिळण्यापेक्षा ते बरे. म्हणून नुसते "शहाणा आहेस" न म्हणता, "पहिल्या हाकेला उठलास, मला बरं वाटलं," असे नेमके सांगावे. मात्र शेवटी "रोज असं का नाही वागत?" हे शेपूट जोडू नये.

याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि ती सर्वांत अवघड. कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याही ओरेगॉनमध्येच, पालकांना प्रशिक्षण देण्याची जी पद्धत बसविली तिच्यावर पुढील बहुतेक उपचारक्रम उभे आहेत. तिचा पहिला भाग असा की मुलाबरोबर केवळ खेळावयाचे, आणि खेळाचे नेतृत्व मुलाकडे द्यावयाचे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आज्ञा नाही, प्रश्न नाही, दुरुस्ती नाही, शिकविणे नाही. तो ठोकळ्यांचा पूल बांधत असेल तर "आता लाल ठोकळा वर ठेवलास" इतकेच म्हणावयाचे. ऐकावयास सोपे वाटते, पण आमच्या आया तिसऱ्या मिनिटाला विचारतातच, "लाल म्हणजे कन्नडमध्ये काय रे? आणि हिरव्याला मराठीत काय म्हणतात?" महाराष्ट्रापासून दूर असल्याने मराठी टिकविण्याची चिंता खरी आहे, पण ही पंधरा मिनिटे त्या चिंतेतून वगळावीत. ज्या घरात मुलाला आईबापांच्या सहवासाची गोडीच उरलेली नाही त्या घरात कोणतीही शिक्षा चालत नाही, कारण हिरावून घेण्यासारखे काही शिल्लकच नसते.

रडणे, कुरकुर, तोंड वेंगाडणे अशा निरुपद्रवी गोष्टींकडे दुर्लक्ष करावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस तो प्रकार वाढतो. नेहमीच्या किंचाळण्याने काम होईना तेव्हा मूल अधिक मोठ्याने किंचाळून पाहते. पालक नेमके तेव्हाच "हा उपाय चालत नाही" म्हणून सोडून देतात, आणि मुलाला नवा, वरचा सूर शिकवून जातात. फोडाफोड किंवा हाणामारी झाली तर मात्र दुर्लक्ष करू नये. मुलाला थोडा वेळ, साधारणतः वयाच्या वर्षाला एक मिनिट या हिशेबाने, खेळापासून व लोकांपासून दूर एका खुर्चीवर बसवावे. अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडणे हा त्याचा पर्याय नव्हे, तो छळ आहे.

मारण्याविषयी बोलताना कोणीतरी हमखास 'श्यामची आई' पुढे करते. श्याम पोहायला जाईना तेव्हा आईने शिंपटी उचलली, हे सर्वांच्या ध्यानात असते. त्या पुस्तकात बाकी दिवसभर ती माउली मुलाशी किती बोलते, किती ऐकते, हे मात्र आपण विसरतो. शिंपटी तेवढी उचलावयाची आणि बेचाळीस रात्रींचा सहवास वगळावयाचा, हा साने गुरुजींवर अन्याय आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभारले ते भीतीविना मूल वाढविता येते या श्रद्धेवरच. आता तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. शाळेत बंद झालेली छडी घरी चालू ठेवण्याचे समर्थन मला करता येत नाही.

कुमारवयीन मुलांची गोष्ट निराळी. पंधरा वर्षांच्या मुलाला खुर्चीवर बसविता येत नाही, आणि अकरा वाजता रात्री फोन हिसकावण्याची झटापट तर कधीच करू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात एक सोयीची कल्पना दिली आहे: कटकटींच्या तीन टोपल्या कराव्यात. पहिलीत सुरक्षिततेच्या गोष्टी, उदाहरणार्थ परवान्याविना स्कूटर चालविणे, मारहाण, नशा. येथे तडजोड नाही. तिसरीत ज्या सोडून देता येतील त्या. केस, कपडे, खोलीतला पसारा. मधल्या टोपलीत जे उरते त्यावर मुलाशी बसून, शांत वेळी, वाटाघाट करावी. आधी त्याची अडचण पूर्ण ऐकावी, मग आपली सांगावी, मग दोघांना चालेल असा मार्ग शोधावा. आमच्या घरांत पहिलीच टोपली भरून वाहत असते: केसही तीत, पसाराही तीत, आणि पी.यू.सी.च्या दोन वर्षांत तर प्रत्येक मिनिट तीत. बाप म्हणतो, "मी एवढा राबतो, आणि हा तोंड वर करून बोलतो." मुलगा म्हणतो, "मी काय वाचतो ते सोडून मला कोणी काही विचारत नाही." दोघांचेही खरे असते.

आता परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या काही खास गोष्टी. येथील मूल शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड वा हिंदी, आणि घरी मराठी बोलते. घरच्या भांडणात सर्वांत हाताशी असलेले शस्त्र म्हणजे मराठी न बोलणे. आईबापांना ते किती लागते हे मुलाने अचूक हेरलेले असते. त्यावर रागावणे म्हणजे शस्त्राला धार लावणे. आपण मराठीतच उत्तर द्यावे आणि त्याच्या इंग्रजीवर भाष्य करू नये. भांडण ओसरले की भाषा परत येते. दुसरी गोष्ट आजी-आजोबांची. ते पुण्या-साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येतात. प्रेमाने येतात, आणि पहिल्याच आठवड्यात "दोन ठेवून दे, सुतासारखा सरळ येईल" असे आजोबा म्हणतात, तर आजी पदराआडून लाडू देते. सुनेच्या नियमांवर दोन्ही बाजूंनी पाणी. यावर उपाय वादाचा नव्हे. मुलाच्या वडिलांनी, होय, वडिलांनीच, आपल्या आईवडिलांशी मुलासमोर नव्हे तर एकांतात बोलावे, आणि त्यांना एक निश्चित काम द्यावे. ती रोजची पंधरा मिनिटांची खेळाची वेळ आजोबांइतकी चांगली दुसरे कोणी पाळू शकत नाही. त्यांना सवड असते, आणि पत्ते, सोंगट्या, सागरगोटे त्यांना येतात. तिसरी गोष्ट तुलनेची. सुटीत गावी गेल्यावर चुलतभावंडांसमोर "आमचा हा असा" म्हणून जे वाभाडे निघतात, ते मूल वर्षभर विसरत नाही. मावशी-काकांकडून दूरध्वनीवर मुलाला दम भरविणे हाही त्यातलाच प्रकार.

अवज्ञेच्या मागे पुष्कळदा दुसरेच काही दडलेले असते, आणि तज्ज्ञाची गरज प्रामुख्याने त्यासाठी. अतिचंचल मुलाला सांगितलेले लक्षातच राहत नाही. ते विरोध करीत आहे असा समज होतो. वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असलेले मूल वही उघडण्यापेक्षा भांडण पत्करते, कारण 'उद्धट' म्हणवून घेणे 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा सुसह्य असते. कुमारवयातील चिडचिड ही कधी कधी खिन्नतेचा मुखवटा असते. शाळेत होणारा छळ, किंवा ओळखीच्याच कोणाकडून होणारा लैंगिक त्रास, यांचेही पहिले चिन्ह घरातला अकारण संताप असू शकते. म्हणून पूर्वी शांत असलेले मूल एकाएकी बदलले तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवून आधी विचारपूस करावी. मुलींच्या बाबतीत आपली गफलत अधिक होते. मुलगा ओरडला तर तापट, मुलगी ओरडली तर "सासरी कसं होईल?" तिच्या रागाचे कारण विचारावयाचे राहूनच जाते.

औषधांविषयी नेहमी प्रश्न येतो. केवळ अवज्ञेवर औषध नाही. सोबत अतिचंचलता किंवा खिन्नता असेल तर त्यावर औषधे आहेत, आणि ती योग्य देखरेखीखाली दिल्यास अवज्ञाही कमी होते. मुख्य उपचार पालकांच्या प्रशिक्षणाचा; आठवड्यातून एक अशा साधारण दहा-पंधरा बैठकी लागतात. दुर्लक्ष केल्यास काय होते? पुष्कळ मुले वयाबरोबर निवळतात. काही मात्र पुढे चोरी, मारामारी, शाळा बुडविणे अशा गंभीर वाटेला लागतात, आणि काहींना तारुण्यात चिंता व खिन्नतेचे विकार जडतात. कोण कोणत्या वाटेने जाईल हे सहाव्या वर्षी सांगता येत नाही. परंतु सहाव्या वर्षी वळविणे सोळाव्या वर्षापेक्षा सोपे असते, हे निश्चित.

याबाबतीत बंगळूरकर भाग्यवान आहेत. १९५४ साली येथे सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि म्हैसूर सरकारचे मानसिक रुग्णालय यांच्या विलीनीकरणातून १९७४ साली निम्हान्स जन्मास आली. होसूर रस्त्यावरील या संस्थेत बाल व कुमार मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे येतात. आपल्यापैकी कित्येक जण त्या भिंतीवरून रोज जातात, पण आत जावयाचे म्हटले की "कोणी पाहिले तर?" हा प्रश्न आडवा येतो. ज्यांना एकदम जाणे जड वाटते त्यांनी केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा वापरावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. क्रमांक १४४१६, आणि अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाने केली तर मात्र दूरध्वनीवर विसंबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तज्ज्ञांकडे जाताना शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक बरोबर घ्यावे, आणि गेल्या दोन आठवड्यांतील भांडणे कधी, कशावरून सुरू झाली आणि कशी संपली, हे एका कागदावर लिहून न्यावे. 'कशी संपली' याचा रकाना सर्वांत उपयोगाचा. आईबाप दोघांनीही जावे. बापाला रजा मिळत नाही ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी ती मिळालेली असते. आणि मुलाला "आपण मॉलमध्ये जाऊ" असे खोटे सांगून दवाखान्यात आणू नये. "घरात आपली रोज भांडणं होतात, ती कमी कशी करावीत हे विचारायला आपण सगळेच उद्या एका डॉक्टरांकडे जाणार आहोत," असे त्याला आदल्या दिवशी सांगावे. तो बहुधा "मी येणार नाही" म्हणेल. त्यावर वाद घालू नये, पाच-दहा आकडे मोजावेत, आणि सकाळी निघताना त्याचे बूट दाराशी काढून ठेवावेत.